ऊसतोडीत पायाला वारंवार गळू होतं, मेडिकलच्या गोळ्या का लागू पडत नाहीत?

तुमचा भाऊ बीडकडचा ऊसतोड कामगार, म्हणून आधी पाचटाचं बोलतो. पाचटाने कातडी चिरली की स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू आत शिरतो. तो बाहेरूनच येतो असं नाही; 10 पैकी साधारण 3 निरोगी माणसांच्या नाकातही तो असतो. आत गेल्यावर भोवतालचं रक्त गोठवून आडोसा करतो, पांढऱ्या पेशी मारणारी विषं सोडतो. पू म्हणजे मुख्यतः याच मेलेल्या पेशी.

पेनिसिलिन फोडणारं एन्झाइम या जिवाणूंत 1940 च्या दशकातच दिसलं. 1959 मध्ये मेथिसिलिन हे नवं औषध आलं, 1961 मध्ये त्यालाही दाद न देणारे सापडले. औषध जिवाणूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनाला चिकटतं. या दाद न देणाऱ्या जिवाणूंकडे औषध नीट चिकटतच नाही असं वेगळं प्रथिन असतं. दर वेळी मनाने गोळ्या घेतल्या की साधे मरतात, चिवट उरतात.

गळू पिळू देऊ नका, कळकळीने सांगतो. डॉक्टरांकडून चीर देऊन पू काढणं हाच मुख्य उपचार. तो पू कल्चरला, म्हणजे कोणता जिवाणू आहे आणि कोणतं औषध लागू पडेल या तपासणीला द्या, अंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेज आहेच. रक्तातली साखरही तपासा. ताप आला किंवा लाली पसरली, तर टोळी सोडून त्याच दिवशी दवाखाना गाठा.