विमानतळाच्या आराखड्यात आपलं कोण ऐकतं?

प्रश्न : ताई, होटगी रोडला आमचा दीड गुंठ्याचा प्लॉट आहे, खाली दोन खोल्यांत राहतो, आता पोरासाठी वर मजला काढायचाय. विमानं सुरू झाल्यापासून गल्लीत रोज नवीन काहीतरी उठतंय, कोण म्हणतं रनवे वाढणार, कोण म्हणतं वर बांधायला परवानगीच बंद, कोण म्हणतं सगळं बोरामणीच्या नव्या विमानतळालाच जाणार. वीस वर्षांचा प्लॅन करताना आमच्यासारख्यांना कोण विचारतं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : काका, आधी मजल्याचं बघू, तेच खरं पोटात कालवतंय ना. विमानतळाच्या आसपास रंगांचे पट्टे दाखवणारा नकाशा असतो, तुमचा प्लॉट कुठल्या रंगात येतो त्यावर महापालिका स्वतः परवानगी देणार का विमानतळ प्राधिकरणाची एनओसी (ना हरकत दाखला) लागणार हे ठरतं. आणि त्यात उंची लिहितात ती समुद्रसपाटीपासूनची, जमिनीपासूनची नाही, इथंच लोक गंडतात. समजा एनओसीत 500 मीटर आलं आणि तुमची जमीनच 475 वर असली तर हातात राहिले 25, त्यातच पाण्याची टाकी आणि अँटेना पण आले. एका मजल्याला बहुतेक अडचण येत नाही, पण रनवेच्या टोकासमोर असाल तर आधी कागद, मग विटा. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून 15 जून 2023 ला पाडली तेव्हा निम्मं सोलापूर मोबाईल धरून गच्चीवर होतं, उभं राहिलेलं पाडायला किती वर्षं आणि किती भांडणं लागली ते तुम्ही बघितलंयच.

आता विचारतात का, तर घरी येऊन कोण विचारत नाही, पण दोन दारं आहेत. शहराचा डीपी, म्हणजे विकास आराखडा, साधारण वीस वर्षांनी बदलतो, त्याचा मसुदा निघाला की हरकती मागवतात आणि नंतर सुनावणी होते. दुसरं म्हणजे पर्यावरणाची जनसुनावणी, 2006 च्या नियमानं. त्याची नोटीस किमान 30 दिवस आधी पेपरात येते, कामाचा पर्यावरणावर काय परिणाम होणार त्याचा अहवाल कलेक्टर ऑफिसात, झेडपीत, महापालिकेत बघायला ठेवतात, आणि सुनावणीचं चित्रीकरण होतं. प्रत्येक कामाला जनसुनावणी लागतेच असं नाही, म्हणून नोटीस वाचायची सवय लावा, ती लग्नाच्या जाहिरातीपेक्षा बारीक छापतात.

बोलायचं काय? आमच्या कॉलनीत मागं रस्त्याच्या आरक्षणावर चाळीस सह्यांचं पत्र गेलं, "रस्ता नको" एवढंच, ते गठ्ठ्यात गेलं. शेजारच्या एका काकूंनी मात्र गट नंबर, मोजणीचा नकाशा आणि पावसाचं पाणी कुठं तुंबतं त्याचे फोटो जोडले, सुनावणीत सगळी चर्चा त्यांच्याच कागदावर. तुम्हीपण तसंच विचारा, रनवे कुठल्या टोकाला वाढणार, टोकापुढं मोकळी जागा किती सोडणार (आंतरराष्ट्रीय शिफारस 240 मीटरची आहे), ओढ्याचं पाणी कुठं वळवणार, आमचा रोजचा रस्ता बंद झाला तर दुसरा कुठून.

बोरामणीचं म्हणाल तर तिथं जमीन घेतली तरी वनजमीन आणि माळढोक पक्ष्याचा प्रश्न मधे आला, त्यामुळं "सगळं तिकडं जाणार" म्हणून गप्प बसू नका आणि "इथंच राहणार" म्हणून प्लॉटचा भाव पण वाढवू नका.

हरकत दिली की दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्या. टेबलावरचा माणूस "ठेवा इथं" म्हणेल, ठेवून येऊ नका.