१९१२ चा बंगला, १,३०,००० डॉलरचे नूतनीकरण आणि कर्जाची मर्यादा

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे, बंगलो हेवन या वस्तीत, १९१२ साली बांधलेले आर्ट्स अँड क्राफ्ट्स शैलीचे घर १०,५०,००० डॉलरला घेतले. गृहकर्ज ६,८०,००० डॉलर शिल्लक आहे. ठेकेदाराने दिलेला अंदाज असा : जेवणघराची भिंत पाडून मोठे स्वयंपाकघर ६८,०००, सर्व लाकडी खिडक्यांच्या जागी व्हायनिलच्या खिडक्या २६,०००, लाकूडकामावरचा पांढरा रंग काढणे १४,०००. शैलीला साजेसे फर्निचर, वॉलपेपर आणि दिवे यांसाठी आम्ही २२,००० धरले आहेत. यासाठी घरावर ९०,००० डॉलरची हेलॉक, म्हणजे होम इक्विटी लाइन ऑफ क्रेडिट (घराच्या तारणावर लागेल तसे उचलायचे कर्ज), साडेआठ टक्के बदलत्या दराने, आणि पतीच्या ४०१(के) या नोकरीतील निवृत्ती बचत खात्यातून ८ टक्क्यांनी ४०,००० डॉलर कर्ज घ्यावे असे वाटते. महिन्याचा खर्च ८,५०० असून २,२०० डॉलर शिल्लक राहतात. बँकेत २५,००० डॉलर आहेत आणि भारतात एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीच्या खात्यातील) मुदत ठेव साधारण ३०,००० डॉलरची आहे. पतीच्या कंपनीत कर्मचारी कपात सुरू आहे. निर्णय योग्य आहे का?

उत्तर : तुमच्या पत्रासोबतचा घरतपासणीचा अहवाल मी आधी वाचला आणि मगच ठेकेदाराचा अंदाज पाहिला. अहवालात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत : माळ्यावर अजून नॉब अँड ट्यूब पद्धतीची जुनी वायरिंग चालू आहे आणि घराचा लाकडी सांगाडा काँक्रीटच्या पायाला बोल्टने जखडलेला नाही. १,३०,००० डॉलरच्या आराखड्यात या दोन्हींसाठी एकही डॉलर नाही. त्यामुळे सध्याच्या स्वरूपात हा निर्णय मला मान्य नाही. घर मनासारखे करण्याची तुमची इच्छा मात्र पूर्ण रास्त आहे आणि ती कमी कर्जात, क्रम बदलून, साध्य होऊ शकते.

आधी हप्त्यांचा हिशेब करू. ९०,००० डॉलरच्या हेलॉकवर नुसते व्याजच महिना सुमारे ६३८ डॉलर होते. ४०१(के) चे कर्ज पाच वर्षांत फेडायचे असल्याने त्याचा हप्ता सुमारे ८११ डॉलर पडतो. म्हणजे २,२०० पैकी जवळजवळ १,४५० डॉलर दर महिन्याला जातील आणि हेलॉकच्या मुद्दलाला तोपर्यंत हातही लागलेला नसेल. दर दोन टक्क्यांनी वाढला तर व्याजात आणखी १५० डॉलरची भर पडेल. एका पगाराची शाश्वती नसलेल्या घरात एवढा बांधील खर्च मी सुचवणार नाही.

त्यातही ४०१(के) ला हात लावू नये, हे मी आग्रहाने सांगेन. नोकरी गेली आणि उरलेली रक्कम त्या वर्षाचे विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत, मुदतवाढ धरून, परत भरता आली नाही, तर ती काढलेली रक्कम मानली जाते. तिच्यावर नेहमीचा आयकर लागतो आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर सहसा १० टक्के दंडही लागतो. पगार थांबलेला असतानाच हा भुर्दंड समोर उभा राहील.

हेलॉकच्या व्याजावर करसवलत मिळेल असे तुम्ही गृहीत धरले आहे, पण ते पूर्णपणे खरे नाही. सवलत फक्त घरात भरीव सुधारणा करण्यासाठी वापरलेल्या रकमेवर मिळते आणि तीही गृहकर्ज धरून एकूण ७,५०,००० डॉलरच्या कर्जापर्यंतच. तुमचे ६,८०,००० आधीच आहेत, म्हणून सवलतीच्या कक्षेत फार तर ७०,००० बसतात. फर्निचरवर खर्च केलेली रक्कम तर त्यात धरताच येत नाही. शिवाय तुम्ही खर्चांची तपशीलवार वजावट घेत असाल तरच या सवलतीला अर्थ आहे.

आता घराविषयी, कारण येथे पैशाचा प्रश्न घराच्या जडणघडणीपासून वेगळा काढता येत नाही. आर्ट्स अँड क्राफ्ट्स शैली इंग्लंडमध्ये नक्षीकार विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यंत्राच्या सुमार मालाला दिलेल्या उत्तरातून वाढली. अमेरिकेत गुस्ताव्ह स्टिकलीने १९०१ ते १९१६ या काळात चालवलेल्या ‘द क्राफ्ट्समन’ मासिकाने ती मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोहोचवली, आणि पॅसाडेनात वास्तुविशारद ग्रीन बंधूंच्या १९०८ च्या गॅम्बल हाउसने तिचे सर्वांत देखणे रूप दाखवले. या घरांचे मोल लाकडाच्या उघड्या जोडकामात, भिंतीत बसवलेल्या फडताळात, खिडकीखालच्या बैठकीत आणि छताच्या तुळयांत असते. तुमच्या छायाचित्रांत जेवणघराचे काचेच्या दारांचे मूळ फडताळ शाबूत दिसते आणि ते नेमके त्याच भिंतीत आहे जी पाडायची आहे. ते पाडण्यासाठी कर्ज काढणे म्हणजे ज्या गोष्टीसाठी घर घेतले तीच गोष्ट व्याज भरून नाहीशी करणे होय. भिंत ठेवा आणि आहे त्या चौकटीतच स्वयंपाकघर नव्याने करण्याचा वेगळा अंदाज मागवा.

खिडक्यांबाबत माझे मत आणखी ठाम आहे. १९१२ च्या खिडक्यांचे लाकूड बहुधा जुन्या जंगलातील घट्ट वाढीचे असते. दोऱ्या बदलणे, तावदानांच्या कडेची पुट्टी नव्याने भरणे, फटींना पट्ट्या लावणे अशा कामांनी त्या पुन्हा अनेक दशके चालतात. व्हायनिलची खिडकी बिघडली की सहसा ती पूर्णच बदलावी लागते. शिवाय बंगलो हेवन हा १९८९ पासून शहराने घोषित केलेला वारसा विभाग असल्याने रस्त्यावरून दिसणाऱ्या अशा बदलाला शहराची मंजुरी लागते. उन्हाळ्याचा त्रास आणि विजेचे बिल हे तुम्ही दिलेले कारण खरे आहे, पण त्यावर स्वस्त उपाय माळ्यावर उष्णतारोधक थर घालणे हा आहे. तो मात्र चालू नॉब अँड ट्यूब तारांवर घालणे धोक्याचे असते, कारण त्या तारा उघड्या हवेत थंड राहतील अशाच रचलेल्या असतात आणि झाकल्या की तापतात. म्हणून आधी वायरिंग, नंतर थर. अनेक विमा कंपन्याही अशा वायरिंगच्या घराला विमा देताना कां-कू करतात, आणि कॅलिफोर्नियात विमा टिकवणे आज किती महत्त्वाचे आहे हे तुम्हाला सांगायला नको.

पायाला बोल्ट मारणे आणि तळाच्या ठेंगण्या लाकडी भिंतींना प्लायवूडने बळकटी देणे, हे काम दिसत नाही, पण भूकंपात घर पायावरून सरकणे त्यानेच टळते. नेहमीच्या गृहविम्यात भूकंप येत नाही. त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि बळकट केलेल्या जुन्या घराला त्यात सवलत मिळू शकते. राज्याच्या अर्थक्वेक ब्रेस + बोल्ट योजनेत ठरावीक काळात नोंदणी केल्यास, पात्र झिप कोडमधील घरांना ३,००० डॉलरपर्यंत अनुदान मिळते. योजनेत निवड होण्यापूर्वी काम सुरू करू नका.

माझी मांडणी अशी आहे. वायरिंग आणि पाया यांसाठी ३०,००० डॉलर धरा, प्रत्येकी तीन अंदाज घ्या आणि तेवढीच रक्कम हेलॉकमधून उचला. व्याज महिना सुमारे २१३ डॉलर होईल आणि एकूण कर्ज ७,५०,००० च्या बरेच आत राहील. स्वयंपाकघर दीड वर्ष थांबवा. व्याज वजा जाता तोपर्यंत साधारण ३५,००० डॉलर जमतात. दोन्ही पगार टिकले तर त्या रकमेत भिंत न पाडता बेताचे स्वयंपाकघर करा, आणि न टिकले तर तीच रक्कम घर चालवील. एनआरई ठेव मोडू नका. बँकेतील २५,००० आणि ही ठेव मिळून सहा महिन्यांच्या खर्चापेक्षा थोडी अधिक होते, म्हणून तिला आपत्कालीन निधीचा दुसरा भाग समजा. ठेव रुपयांत असल्याने तिचे डॉलरमधील मोल हलत राहील हे ध्यानात ठेवा. तिचे व्याज भारतात करमुक्त असले तरी अमेरिकेत दाखवावे लागते आणि परदेशी खात्यांची एकूण रक्कम १०,००० डॉलरच्या वर गेल्याने एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचे विवरण, भरणेही बंधनकारक आहे.

सजावट कर्जातून एका डॉलरचीही करू नये. ती महिन्याच्या शिलकीतून, एकेक वस्तू पारखून घ्यावी. या घरांच्या जेवणघरात भिंतीवरचे लाकडी आच्छादन ताटे मांडायच्या फळीपर्यंत चढते आणि वॉलपेपर फक्त तिच्या वरच्या पट्ट्यात असतो. त्यामुळे मॉरिसच्या नक्षीचा चांगला छापील कागद घेतला तरी मोजकेच रोल पुरतात. लाकडावरचा पांढरा रंग काढण्याचे १४,००० डॉलरही पुढे ढकला. खाली मूळ शेलॅकचा (लाखेच्या रोगणाचा) थर असेल तर रंग बराच सहज सुटतो आणि काम स्वस्त पडते, म्हणून एका कोपऱ्यात चाचणी करून घ्या. पण घरगुती रंगातील शिशावर १९७८ साली बंदी येण्यापूर्वीचे हे थर आहेत आणि घरात लहान मूल आहे. त्यामुळे शिशाच्या कामाचे प्रमाणपत्र असलेल्या कारागिराखेरीज कोणालाही तो रंग खरवडू देऊ नका.

मिल्स अ‍ॅक्टचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, पण तुमच्यासाठी हा सर्वांत मोठा लाभ ठरू शकतो. १९७२ च्या या कायद्यानुसार ऐतिहासिक घराचा मालक शहराशी किमान १० वर्षांचा, दरवर्षी आपोआप वाढत जाणारा करार करतो. घराचे जतन करण्याच्या बदल्यात त्याचे मालमत्ता करासाठीचे मूल्यांकन वेगळ्या पद्धतीने होते आणि कर बहुधा कमी होतो. करासाठीचे मूल्य खरेदीच्या किमतीवर ठरवून त्याची वाढ मर्यादित ठेवणाऱ्या प्रपोझिशन १३ या राज्याच्या नियमामुळे जुन्या मालकांचा कर मुळातच कमी असतो. तुम्ही नुकतेच चढ्या भावात घर घेतल्याने तुमच्या बाबतीत फरक मोठा पडण्याची शक्यता आहे. करार भंग झाल्यामुळे रद्द झाला तर घराच्या बाजारमूल्याच्या साडेबारा टक्के आकार भरावा लागतो, म्हणून तो विचारपूर्वक करावा. तुमचे घर पात्र आहे का, हे शहराच्या नियोजन विभागाकडून कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी विचारा, कारण पाया आणि खिडक्यांची दुरुस्ती ही करारातील जतनाच्या कामांच्या यादीत घालता येण्यासारखी कामे आहेत.

ठेकेदार ४० टक्के रक्कम आगाऊ मागतो आहे, असे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिले आहे. कॅलिफोर्नियात घरसुधारणेच्या करारात आगाऊ रक्कम १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकी जी कमी असेल तेवढीच घेता येते. अपवाद फारच थोडे आहेत. त्या करारावर सही करू नका, राज्याच्या कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्डाकडे त्याचा परवाना तपासा आणि वायरिंगचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्रपणे करून घ्या.