शाळेचा बॉण्ड पास होईल म्हणून घर विकायचं का?

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न इतरांच्याही कामाचा आहे, म्हणून आधी थोडक्यात मांडते. डॅलसच्या उत्तरेला २०२१ मध्ये घर घेतलं, आज अप्रेझल (टॅक्ससाठी ठरवलेली किंमत) ५,६०,००० डॉलर, कर्ज ३,४०,००० बाकी आणि तेही २.९ टक्क्यांनी. मुलगा तिसरीत, मुलगी पुढच्या वर्षी किंडरगार्टनला जाईल. मे महिन्यात तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचा ६० कोटी डॉलरचा बॉण्ड, म्हणजे डिस्ट्रिक्टने काढायचं कर्ज, मतदानाला येतोय, त्यात तीन प्रस्ताव: ५२ कोटी शाळांसाठी (एक नवीन एलिमेंटरी आणि जुन्या इमारतींची दुरुस्ती), ५ कोटी स्टेडियमला, ३ कोटी लॅपटॉप वगैरेला. डिस्ट्रिक्ट सांगतंय टॅक्सचा दर वाढणार नाही, बॅलटवर मात्र ठळक लिहिलेलं असतं की ही प्रॉपर्टी टॅक्सवाढ आहे. सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी घाबरवून सोडलंय, आणि मिस्टर म्हणतायत की त्यापेक्षा हे घर विकून अजून उत्तरेला, नवीन वस्तीत, एवढ्याच किमतीचं घर घेऊ.

माझं उत्तर आधीच सांगते, घर विकू नका. बॉण्डमुळे तर अजिबातच नको. मत कशाला द्यायचं हा प्रश्न वेगळा आहे, त्यावरही माझं मत सांगते, पण आधी पैशाचं बघू.

तुमच्या टॅक्सच्या बिलात शाळेच्या नावापुढे दोन दर असतात, एम अँड ओ आणि आय अँड एस. एम अँड ओ म्हणजे रोजचा खर्च, शिक्षकांचे पगार, वीज, बस. आय अँड एस म्हणजे फक्त कर्जफेड. घरात किराणा आणि होम लोनचा हप्ता वेगळा धरतो ना, तसंच हे. बॉण्डचा पैसा इमारती, जमीन, बस, उपकरणं असल्या गोष्टींनाच वापरता येतो, त्यातून शिक्षकांना एक डॉलरही पगारवाढ देता येत नाही, त्यामुळे ग्रुपवर जे कोणी लिहितंय की "आधी टीचर्सना पैसे द्या मग बिल्डिंगा बांधा" त्यांचा राग खरा असला तरी तो या बॅलटवर निघणार नाही. अजून एक फरक असा की एम अँड ओ मधला काही पैसा श्रीमंत डिस्ट्रिक्टकडून राज्य काढून घेतं, ज्याला इथे सगळे रॉबिन हूड म्हणतात, पण आय अँड एसचा पैसा सगळाच्या सगळा तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये राहतो.

आता ते बॅलटवरचं वाक्य. २०१९ च्या कायद्यानंतर टेक्ससमध्ये शाळेच्या प्रत्येक बॉण्डच्या प्रस्तावावर "ही प्रॉपर्टी टॅक्सवाढ आहे" असं छापावंच लागतं, दर वाढो की न वाढो. त्यामुळे ते वाक्य वाचून तुमच्या डिस्ट्रिक्टबद्दल काहीच कळत नाही. पण डिस्ट्रिक्टचं "दर वाढणार नाही" हेही अर्धंच आहे. जुनी कर्जं फिटत जातात, नवीन घरं येतात, त्यामुळे नवीन कर्ज काढलंच नाही तर आय अँड एसचा दर हळूहळू खाली येतो. बॉण्ड पास झाला की तो खाली येत नाही, तिथेच थांबतो. म्हणजे तुम्ही जे देताय ते देत राहता, जास्त वर्षं, आणि घराचं अप्रेझल वाढलं तर त्याच दराने बिलही वाढतं.

तुमच्या घराचं गणित करू. ५,६०,००० मधून शाळेच्या टॅक्ससाठी होमस्टेडची (स्वतः राहता त्या घराची) १,४०,००० ची सूट जाते (नोव्हेंबर २०२५ च्या मतदानात ती १ लाखावरून १ लाख ४० हजार झाली), उरले ४,२०,०००. दर १०० डॉलरला १ सेंट म्हणजे तुम्हाला वर्षाला ४२ डॉलर. हा आकडा लिहून ठेवा, पुढे कुठलाही बॉण्ड आला तरी याच्यानेच गुणायचंय. तुमचा आजचा आय अँड एस २७ सेंट आहे, म्हणजे वर्षाला १,१३४ डॉलर. समजा बॉण्ड पडला आणि काही वर्षांत तो दर २२ वर आला, तर फरक ५ सेंटचा, वर्षाला २१० डॉलर, महिन्याला साडेसतरा. पंचवीस वर्षं धरली तर ५,२५० डॉलर. कमी नाहीत, पण या पैशासाठी कोणी घर बदलत नाही.

टॅक्स रिटर्नमध्ये हे वजा होईल असं मात्र धरू नका. सॉल्टची (राज्य आणि स्थानिक टॅक्सच्या वजावटीची) मर्यादा १० हजारांवरून २०२५ साठी ४० हजार केली म्हणून बरेच लोक खूश आहेत, पण तुमचं कर्जाचं व्याज वर्षाला साधारण १० हजार, प्रॉपर्टी टॅक्स अजून तेवढाच, दोन्ही मिळून २०२५ च्या ३१,५०० च्या स्टँडर्ड डिडक्शनच्या (सरसकट वजावटीच्या) जवळपासही जात नाहीत. तुम्ही आयटमाइझ करत नाही, म्हणजे एकेक खर्च वेगळा दाखवून वजा करत नाही, म्हणून हा खर्च पूर्ण खिशातूनच.

आता मिस्टरांचा प्लॅन. ५,६०,००० चं घर विकलं की कमिशन वगैरे ५ टक्के धरले तरी २८,००० गेले. २.९ टक्क्यांचं कर्ज सोडून साडेसहाच्या आसपासचं घेतलं तर ३,४०,००० वर पहिल्याच वर्षी व्याज १२ हजारांनी जास्त. आणि तुम्ही जी वस्ती बघताय तिथे मड (म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट) टॅक्स आहे, तुम्हीच लिहिलंय १०० डॉलरला ६० सेंट. बिल्डरने टाकलेले रस्ते, पाण्याच्या लाइनी, ड्रेनेज यांचं कर्ज घरमालकांकडून फेडून घेतात तो हा टॅक्स. होमस्टेडची ती १,४०,००० ची सूट फक्त शाळेच्या टॅक्सला आहे, मडला नाही, म्हणून ६० सेंट पूर्ण ५,६०,००० वर: ३,३६० डॉलर दरवर्षी. २१० डॉलर वाचवायला ३,३६० भरायचे, असा हा हिशोब होतोय. शिवाय तिथल्या शाळाही कर्जातूनच उभ्या राहतायत, आकाशातून पडत नाहीत. टेक्ससमध्ये नवीन बॉण्ड काढताना आय अँड एस ५० सेंटच्या आत बसतोय हे डिस्ट्रिक्टला दाखवावं लागतं, आणि प्रॉस्पर, सेलिनासारखी झपाट्याने वाढणारी डिस्ट्रिक्ट्स त्या ५० लाच टेकलेली आहेत. तुमच्या घरावर २७ सेंटला १,१३४ पडतात, तेवढ्याच घरावर ५० सेंटला २,१०० पडतील. मोठं घर हवंय, ऑफिस जवळ पडतंय, असं काही कारण असेल तर जरूर जा, पण टॅक्स वाचवायला म्हणून जाऊ नका.

मताबद्दल. पहिला प्रस्ताव, शाळांचा, मी असते तर हो म्हटलं असतं, पण एक गोष्ट तपासून. डिस्ट्रिक्टच्या साइटवर डेमोग्राफरचा रिपोर्ट असतो, पुढच्या दहा वर्षांत कुठल्या भागात किती मुलं असतील याचा. तो उघडा आणि नवीन एलिमेंटरी जिथे बांधणार त्या भागात मुलं खरंच वाढतायत का बघा. प्लेनोसारख्या जुन्या, मोठ्या डिस्ट्रिक्टनेही मुलं कमी झाली म्हणून २०२४ मध्ये चार शाळा बंद करायचं ठरवलं, त्यामुळे मुलं कमी होत असलेल्या भागात नवीन इमारत बांधणं म्हणजे पंचवीस वर्षांचं कर्ज रिकाम्या वर्गांसाठी. मुलं वाढत असतील तर प्रश्नच मिटला.

दुरुस्तीच्या यादीत छत, एसी, फायर अलार्म, दारं-कुलपं अशी कामं असतील तर ती टाळण्यासारखी नाहीत. टेक्ससच्या ऑगस्टमध्ये एसी बंद पडलेल्या वर्गात पहिलीतली पोरं बसवून बघा. बॉण्ड पडला म्हणून एसी दुरुस्त करायचा थांबत नाही, तो मग एम अँड ओ मधून होतो, म्हणजे ज्या पैशातून पगार जातात त्यातूनच. फ्रिस्कोमध्ये नोव्हेंबर २०२४ ला बॉण्डसकट चारही प्रस्ताव लोकांनी पाडले, म्हणजे सगळे आपोआप पास होतात असंही नाही, तुमच्या एका मताला वजन आहे.

स्टेडियमला मी तरी नाही म्हणेन. ते वेगळ्या प्रस्तावात आलंय कारण कायद्यानेच हजाराच्या वर सीट्सचं स्टेडियम, स्विमिंग पूल, नाट्यगृह अशा गोष्टी वेगळ्या मांडाव्या लागतात, आणि ही फार चांगली सोय आहे, एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणता येतं. ॲलन डिस्ट्रिक्टचं स्टेडियम आठवतं का? २००९ च्या बॉण्डमधून ६ कोटी डॉलर, २०१२ मध्ये सुरू, आणि २०१४ मध्ये काँक्रीटला भेगा पडल्या म्हणून बंद, पुन्हा उघडायला २०१५ उजाडलं. इथे अर्थतज्ज्ञांनी देशभरातल्या शाळा बॉण्डचा अभ्यास केलाय त्यात एक फार बोलकी गोष्ट निघाली: एसी, हवा, विषारी पदार्थ काढून टाकणं अशा कामांनी मुलांचे मार्क वाढतात पण घरांच्या किमती हलत नाहीत, आणि खेळाच्या मैदानांनी घरांच्या किमती वाढतात पण मार्क वाढत नाहीत. तुम्हाला दोन लहान मुलं आहेत आणि घर विकायचं नाहीये, त्यामुळे तुमचा फायदा कुठल्या बाजूला आहे हे उघड आहे.

लॅपटॉपच्या ३ कोटींबद्दल डिस्ट्रिक्टला एकच प्रश्न विचारा, हे कर्ज किती वर्षांत फेडणार? चार-पाच वर्षांत फेडणार असतील तर ठीक. जो लॅपटॉप मुलगी सहावीत जायच्या आत भंगारात जाईल त्याचे हप्ते ती कॉलेजला जाईपर्यंत भरायचे असतील तर नाही म्हणा. कारण व्याज. नुसतं उदाहरण म्हणून, ६० कोटी साडेचार टक्क्यांनी पंचवीस वर्षांत सारख्या हप्त्यांनी फेडले तर एकूण साधारण १०१ कोटी जातात. पन्नास वर्षं टिकणाऱ्या इमारतीसाठी हे चालतं.

तुम्ही विचारलंय की शेजारचे रिटायर्ड काका एवढे निवांत का. त्यांचं वय ६५ च्या वर आहे, त्यांचा शाळेचा टॅक्स ६५ पूर्ण झाली त्या वर्षीच्या रकमेवर गोठलेला आहे, घरात नवीन बांधकाम केलं नाही तर बॉण्ड पास होऊनही त्यांना जास्त भरावं लागणार नाही. म्हणून त्यांचं ऐकून हो किंवा नाही ठरवू नका, त्यांचं गणित वेगळं, तुमचं वेगळं.

हे बॉण्ड विकत घेता येतील का, हेही विचारलंत. येतात, ब्रोकरेज अकाउंटमधून, साधारण ५,००० डॉलरच्या पटीत. टेक्ससचा पर्मनंट स्कूल फंड, १८५४ पासूनचा, शाळांच्या बॉण्डना गॅरंटी देतो म्हणून त्यांना बहुतेक वेळा ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात वरचं, रेटिंग मिळतं, आणि व्याजावर फेडरल टॅक्स नसतो. पण तुमचं रिटायरमेंटचं ४०१के अजून पूर्ण भरलं जात नाहीये आणि मुलांच्या शिक्षणाचं ५२९ खातं उघडलेलंही नाही, आधी ते करा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. तुम्ही सिटिझन आहात, मिस्टर ग्रीन कार्डवर आहेत. मत तुम्हीच द्यायचं, आणि मतदानाच्या ३० दिवस आधी नाव नोंदलेलं हवं. मिस्टरांनी ड्रायव्हिंग लायसन्स रिन्यू करताना मतदार नोंदणीच्या चौकटीत चुकूनसुद्धा हो टिक करू नये. सिटिझन नसताना मत दिलं तर तो गुन्हा आहे आणि त्यापायी ग्रीन कार्ड जाऊ शकतं, पुढे सिटिझनशिपही अडकते. शाळेच्या छोट्या निवडणुकीलाही हेच लागू, "लोकल तर आहे" असं म्हणून चालत नाही.

आणि ज्या टॅक्सची एवढी धास्ती घेतलीत तो खरंच कमी करायचा असेल तर एप्रिलमध्ये अप्रेझलची नोटीस येईल ती नीट बघा. त्यात मार्केट व्हॅल्यू आणि टॅक्सेबल व्हॅल्यू वेगळ्या असतात, कारण होमस्टेडवर वर्षाला १० टक्क्यांच्या वर वाढ धरता येत नाही. दोन्हींत फार अंतर असेल तर प्रोटेस्ट (हरकत) करून या वर्षी उपयोग नाही. पण दोन्ही जवळपास असतील तर १५ मेच्या आत प्रोटेस्ट फाइल करा, तुमच्या गल्लीत विकल्या गेलेल्या घरांचे भाव आणि छताचे, फाउंडेशनचे फोटो जोडा. एकूण दर १.९ धरला तर २०,००० डॉलर कमी झाले की वर्षाला ३८० वाचतात.