तबकडीवरचे गाणे संगणकात उतरवताना

प्रश्न : वडिलांनी जमवलेल्या नाट्यसंगीताच्या एल.पी. संगणकावर उतरवून घेण्यासाठी टर्नटेबलची वायर लॅपटॉपच्या माइकच्या जागी जोडली. परंतु आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो, शिवाय सतत ‘घूं’ असे ऐकू येते. टर्नटेबल बिघडले आहे का? काही ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डही आहेत. (एक वाचक, मिरज)

उत्तर : वर्णनावरून टर्नटेबल ठीक असावे, जोडणीत फोनो प्रीअँप, म्हणजे रेकॉर्डचा क्षीण संकेत मोठा करून स्वरांचा समतोल परत आणणारे छोटे उपकरण, तेवढे राहिले आहे. चुंबकीय कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या भागातून) जेमतेम पाच मिलिव्होल्टचा संकेत निघतो, म्हणून आवाज बारीक. पत्र्यासारखेपणाचे मूळ मात्र रेकॉर्डच्या घडणीतच आहे. खर्ज पूर्ण जोराने कोरला तर खाचा रुंद होऊन रेकॉर्डवर गाणी कमी मावतात, म्हणून तो दाबून कोरतात. आणि वरचे स्वर सुईच्या खरखरीत बुडू नयेत म्हणून ते चढवून कोरतात. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए (अमेरिकेतील रेकॉर्ड उद्योगाची संघटना) प्रमाणानुसार २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबलची घट आणि २० किलोहर्ट्झला जवळपास तेवढीच वाढ असते. वाजवताना हा हिशेब उलटवावा लागतो, नाहीतर तबला टणटणतो आणि डग्गा नाहीसाच होतो.

टर्नटेबलच्या मागे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असा खटका असेल तर प्रीअँप आतच आहे. खटका ‘लाइन’वर ठेवावा. नसल्यास प्रीअँप वेगळा घेऊन पुढे यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज संगणकात नेणाऱ्या छोट्या उपकरणाच्या) लाइन इनपुटला जोडावा, कारण लॅपटॉपचे माइक इनपुट बहुधा मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचे असते. टर्नटेबलची बारीक अर्थिंगची तार प्रीअँपच्या स्क्रूला आवळली, की ‘घूं’ बहुतेक थांबते.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. २४ बिटवर ध्वनिमुद्रण करावे आणि तार सप्तकातली जोरकस तान वाजवून पाहून पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही असे बघावे. खरखर काढण्याची हौस आवरलेली बरी. तिच्याबरोबर झांजेची किणकिणही जाते.

७८ च्या रेकॉर्डची खाच बरीच रुंद असल्याने एल.पी.ची सुई तिच्या तळाशी घासत राहते. त्यासाठी सुमारे ७० मायक्रॉन टोकाची वेगळी सुई लागेल. १९५४ पूर्वीच्या रेकॉर्डना आरआयएए नेमके लागूही पडत नाही, तेव्हा खर्ज आणि वरचे स्वर कानाने जुळवावे लागतील. जुन्या काही रेकॉर्डच्या अखेरीस गायक स्वतःचे नाव सांगतो, ते कापू नये. आणि लेबलाजवळ कोरलेला क्रमांक फाइलच्या नावात अवश्य घालावा.