वडिलांचा आजार शेवटच्या टप्प्यात आहे. त्यांना सांगावं का, आणि घरच्यांनी हे दिवस कसे काढावेत?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, तो यकृतापर्यंत पसरलाय आणि डॉक्टरांनी तुम्हाला बाजूला घेऊन 'आता फार वेळ नाही' असं सांगितलं. वडिलांना मात्र 'पोटात अल्सर आहे' एवढंच सांगितलेलं आहे. आई म्हणते सांगू नकोस, बहीण म्हणते सांग. मी अशा रुग्णांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या पथकात नर्स आहे. तुमच्यासारखी घरं रोज बघते, म्हणून लिहिते.

सांगायचं की नाही, हे तुम्ही, आई आणि बहीण मिळून ठरवू नका. वडिलांनाच विचारा. 'बाबा, डॉक्टरांनी रिपोर्टबद्दल बरंच सांगितलंय. तुम्हाला सगळं ऐकायचंय, की मी बघून घेऊ?' काही जण खरंच 'तू बघ' म्हणतात. मग तेही मान्य करायचं, उगीच समोर बसवून ऐकवायचं नाही. पण बहुतेकांना निम्मंअधिक आधीच कळलेलं असतं. कपडे ढगळ झालेत, डोळे पिवळे पडलेत, गावाकडची माणसं अचानक भेटायला यायला लागली आहेत. माणसाला दिसतं हो सगळं.

एका घरी मुलाने मला जिन्यातच गाठलं. 'सिस्टर, आत कॅन्सरचं नाव काढू नका, बाबा खचतील.' आत गेले, बीपी बघायला पट्टा बांधला, तर काकांनी मला दार लोटून घ्यायला सांगितलं आणि विचारलं, 'पोरगा सावरेल ना?' उशाखालून त्यांनी एक वही काढली. सोसायटीच्या कर्जाचे उरलेले हप्ते, एलआयसीच्या पॉलिसीचा नंबर, विहिरीच्या मोटारीचं भावाशी काय ठरलंय ते, सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. हे मुलाला समजावून सांगायचं होतं. पण ते विषयाला हात घालायचे तेव्हा तो 'तुम्ही बरे होणार आहात' म्हणून उठून जायचा. दोघंही एकमेकांना जपत होते आणि दोघंही एकटे पडले होते. त्या संध्याकाळी मी मुलाला एवढंच म्हटलं, 'आज ते बोलायला लागले की उठू नका.'

आता दुखण्याचं. माझ्या मते घरच्यांचा धीर सगळ्यात जास्त खचतो तो रुग्णाच्या कण्हण्याने. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये पोटातली कळ थेट पाठीत जाते, माणूस आडवा पडू शकत नाही, रात्र रात्र पुढे वाकून बसतो. हे सहन करत बसायची काही गरज नाही. मॉर्फिनच्या गोळ्या असतात. त्या दुखायला लागल्यावर घ्यायच्या नसतात, साधी गोळी असेल तर दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची. सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठता हमखास होते. सुरुवातीची गुंगी आणि मळमळ बहुतेकांची काही दिवसांत कमी होते. 'याची सवय लागेल', 'हे शेवटचं औषध', असं नातेवाईक सांगतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनने माणूस व्यसनी होत नाही आणि मरण जवळही येत नाही. गोळ्यांनी भागलं नाही तर पोटातल्या मज्जातंतूंच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन ती कळ अडवता येते, त्याबद्दल विचारा. काविळीने अंगाला खाज सुटली असेल तर पित्तनलिकेत स्टेंट घालता येईल का, तेही विचारा.

हे सगळं पॅलिएटिव्ह केअरवाले, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी दुखणं आणि त्रास कमी करणारे डॉक्टर बघतात. त्यांच्याकडे आजच जा, 'सगळे उपाय संपल्यावर बघू' म्हणू नका. बोस्टनला फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून ही सेवा मिळालेले रुग्ण जास्त बरे दिवस तर जगलेच, पण सरासरी आयुष्यही त्यांना जास्त मिळालं. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये हा विभाग आहे, वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे. पुढची केमो सुचवली असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, 'याने किती फरक पडेल आणि ते दिवस कसे जातील?' शेत किंवा दागिने मोडण्याआधी हे उत्तर कानावर पडलेलं बरं.

जेवणावरून घरात भांडणं होतील, आधीच सांगते. तुमची आई ताट घेऊन मागे लागेल. वडील खात नाहीत म्हणून ढासळतायत असं तिला वाटेल, पण खरं उलट असतं. आजार वाढल्यामुळे भूक मेलेली असते. दोन चमचे पेज, एखादा घोट ताक, मागितलं तर आइस्क्रीम. शुद्ध हरपत चालली की तोंडात काही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. तेव्हा ओल्या कापसाने ओठ आणि जीभ पुसायची, ओठांना तूप लावायचं. हे काम आईलाच द्या, तिला ते हवं असतं. शेवटी शेवटी घशातून घरघर येते, ऐकणाऱ्याचा जीव कासावीस होतो. रुग्णाला त्याचा सहसा त्रास नसतो. कुशीवर वळवा.

भेटायला येणाऱ्यांची एक वेळ ठरवा आणि घरातल्या एकाने दारात उभं राहायचं धाडस करा. 'आमच्याकडे एकाला काढ्याने फरक पडला' असं सांगणारे रोज येतात, त्यांना चहा देऊन बाहेरच्या खोलीत बसवा. रात्रीच्या पाळ्या लावा. सगळ्या घरांत हे ओझं एका बाईवर पडतं, सून नाहीतर मुलगी, आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. आठवड्यातून एक रात्र तरी तिला दुसऱ्या घरी झोपायला पाठवा. मुलांना खोलीबाहेर ठेवू नका. 'आजोबा खूप आजारी आहेत, औषधाने दुखणं कमी होईल पण ते बरे होणार नाहीत' एवढं सात-आठ वर्षांच्या मुलाला कळतं.

वडील बोलत आहेत तोवर एक गोष्ट त्यांच्याकडून जाणून घ्या, शेवट घरी हवा की दवाखान्यात, आणि व्हेंटिलेटर हवा का. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशी इच्छा लिहून ठेवायला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष पुरते. वडिलांना स्वतः सांगता येईनासं झालं तर त्यांच्या वतीने निर्णय कोण घेईल, त्याचंही नाव त्यात घालता येतं. हा कागद नसला की मध्यरात्री आयसीयूच्या दारात भावंडांची जुंपते, मी पाहिलंय.

घरी ठेवायचं ठरलं तर तुमच्या फॅमिली डॉक्टरांना आत्ताच घरी बोलावून वडिलांना दाखवून ठेवा. मृत्यू घरी झाला की मरणाच्या कारणाचा दाखला डॉक्टरांकडून घ्यावा लागतो, स्मशानातही तो मागतात, आणि कधीच न पाहिलेल्या रुग्णाचा दाखला कुणी सहजासहजी देत नाही. वडील सध्या कुठल्या गावी आहेत ते खाली लिहा, जवळपास घरी येणारं पथक मला माहीत असेल तर सांगते.