वाचकांचे प्रश्न : परकीय मदतीच्या अनुदानासाठी अर्ज कोणी करावा?

प्रश्न : सरकारी पैशाचे वाटप खुल्या स्पर्धेतून व्हावे, असे आम्ही नोकरीत असताना शिकलो. अमेरिकेसारखा देश मात्र परदेशातील विकासकामांसाठी अनुदाने जाहीर करताना ‘फक्त अमुक प्रकारच्या संस्थांनीच अर्ज करावा’ अशी अट घालत असे, असे वाचनात आले. याला स्पर्धा म्हणायचे, की वशिल्याला दिलेले सोज्वळ नाव? (एक निवृत्त अधिकारी)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, परंतु तिच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे : अट नसली की स्पर्धा खुली असते. ते आधी तपासून पाहू. परदेशी विकासकामांसाठीची अमेरिकेची सरकारी संस्था यूएसएड हिने २०१८ च्या अखेरीस स्वतःच्याच धोरणपत्रात कबूल केले होते की, २०१७ या आर्थिक वर्षात तिच्या निधीपैकी ६० टक्के रक्कम अवघ्या २५ संस्थांकडे आणि ८० टक्क्यांहून अधिक रक्कम केवळ ७५ संस्थांकडे गेली. स्पर्धेचे नियम तेव्हाही लागू होतेच. दार उघडे होते, पण उंबरठा इतका उंच होता की तो ओलांडणारे तेच तेच असत. अर्ज इंग्रजीतच करावा लागे, अमेरिकी सरकारच्या संगणकीय नोंदवहीत आधी नाव घालावे लागे, लेखापरीक्षण अमेरिकी नियमांच्या चौकटीत बसावे लागे आणि कार्यालयीन खर्चाचा हिशेब विशिष्ट पद्धतीने मांडावा लागे. ज्या संस्थांकडे केवळ प्रस्ताव लिहिण्यासाठी स्वतंत्र विभाग असतो, त्यांना हे सारे नित्याचे असते. क्षयरोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या दहा-बारा माणसांच्या संस्थेला मात्र अर्ज भरण्यासाठीच काम थांबवावे लागते. (अर्ज इंग्रजीखेरीज अन्य भाषांत स्वीकारण्यास वाव देणारी दुरुस्ती अमेरिकेच्या अनुदान-नियमांत झाली ती २०२४ साली, यावरून उंबरठ्याची उंची लक्षात यावी.)

कायद्यानेही या बाबतीत एक फरक केलेला आहे आणि तो सहसा नजरेतून निसटतो. सरकार स्वतःसाठी वस्तू किंवा सेवा विकत घेते तेव्हा ते कंत्राट ठरते, आणि अमेरिकेत १९८४ च्या कायद्यानुसार कंत्राटासाठी संपूर्ण व खुली स्पर्धा हा नियम आहे. सार्वजनिक हिताच्या एखाद्या कामाला सरकार पैशाने हातभार लावते तेव्हा ते अनुदान ठरते, आणि अनुदानांविषयीचा १९७७ चा कायदा स्पर्धेला उत्तेजन द्यावे, एवढेच सांगतो. या मोकळीकीच्या आधारे यूएसएडच्या नियमावलीत पात्रता मर्यादित करण्याची सोय होती. मात्र ती मर्यादा का घातली, याचे लेखी समर्थन दप्तरी ठेवावे लागे.

माझ्या मते कसोटी हीच आहे. मर्यादा जाहिरातीतच स्पष्ट लिहिलेली असेल, तिचे कारण अर्ज येण्यापूर्वी नोंदवलेले असेल आणि त्या मर्यादेच्या आत एकाहून अधिक संस्था खरोखर चुरस करू शकत असतील, तर तिला वशिला म्हणता येत नाही. उलट, जाहिरात सर्वांसाठी असूनही ‘अशाच स्वरूपाच्या, एवढ्याच रकमेच्या प्रकल्पाचा दहा वर्षांचा अनुभव’ मागितला जातो तेव्हा निवड आधीच झालेली असू शकते. वशिला शोधायचाच असेल, तर चालू अनुदानाला नव्या स्पर्धेविना दिल्या जाणाऱ्या मुदतवाढींमध्ये आधी शोधावा. तिथे बाहेरच्या कोणाला अर्ज करण्याची संधीच नसते, त्यामुळे तक्रार करायलाही कोणी उरत नाही.

प्रश्न : मदत देणाऱ्या देशाने ‘आमच्याच देशातील कंपन्यांकडून माल घ्या’ अशी अट घातली तर तिच्यावर टीका होते, आणि ‘मदत घेणाऱ्या देशातील संस्थांनीच अर्ज करावा’ या अटीचे मात्र स्वागत होते. दोन्हींत बाहेरच्यांना वगळलेलेच असते. मग हा दुटप्पीपणा नव्हे का? (अर्थशास्त्राची विद्यार्थिनी)

उत्तर : वगळणे दोन्हीकडे आहे, पण ते कोणाच्या लाभासाठी आहे, हे पाहिले पाहिजे. पहिल्या प्रकाराला ‘बांधील मदत’ म्हणतात. तिच्यामुळे वस्तू व सेवांची किंमत साधारणपणे १५ ते ३० टक्क्यांनी वाढते, असा अंदाज आर्थिक सहकार्य व विकास संघटना (ओईसीडी) दीर्घकाळ मांडत आली आहे. म्हणजे मदतीचा काही भाग देणाऱ्याच्याच बाजारपेठेत परत जातो. म्हणूनच या संघटनेच्या विकास साहाय्य समितीने २००१ मध्ये अल्पविकसित देशांना दिली जाणारी मदत अशा बंधनातून मुक्त करावी, अशी शिफारस केली; मात्र स्वतंत्र तांत्रिक सहकार्य, म्हणजे एखाद्या बांधकाम-प्रकल्पाचा भाग नसलेली तज्ज्ञ-सल्ल्याची व प्रशिक्षणाची मदत, तिच्या कक्षेबाहेर ठेवले, आणि सल्लागारांचे मानधन नेमके त्याच शीर्षाखाली येते.

स्थानिक संस्थांपुरती मर्यादा घालण्यामागचा हेतू वेगळा आहे. प्रकल्प संपल्यावरही काम चालवणारे कोणीतरी त्या देशात उरावे आणि पैसा मधल्या दोन-तीन हातांतून न झिरपता थेट पोहोचावा, असा तो हेतू. परंतु तुमच्या प्रश्नाला खरी धार येते ती ‘स्थानिक’ या शब्दापाशी. अमेरिकी कायद्यातील व्याख्या बरीच काटेकोर होती : संस्था त्या देशाच्या कायद्यानुसार स्थापन झालेली असावी, तिचे मुख्य कार्यस्थान तिथे असावे, आणि तिची मालकी अथवा नियामक मंडळातील बहुमत तिथल्या नागरिकांकडे किंवा कायम रहिवाशांकडे असावे. यूएसएडच्या २०१९ च्या ‘नव्या भागीदारी’ उपक्रमात मात्र ‘स्थानिक पातळीवर प्रस्थापित भागीदार’ असा आणखी एक वर्ग आला. आंतरराष्ट्रीय संस्थेची शाखा एखाद्या देशात किमान पाच वर्षे सलग कार्यरत असेल आणि तिथल्या कार्यालयात निम्मे तरी कर्मचारी स्थानिक असतील, तर इतर काही अटी पूर्ण करून ती या वर्गात बसू शकत असे. पुढच्या दाराने ज्यांना थांबवले, त्यांच्यासाठी बाजूची खिडकी ठेवली, असे कोणी म्हटले तर त्याला चुकीचे ठरवणे अवघड आहे. अर्थात अशा शाखांत अनेक वर्षे प्रामाणिकपणे राबणारी स्थानिक माणसेही असतात, आणि केवळ मुख्यालय परदेशात आहे म्हणून त्यांचा अनुभव मोडीत काढणे शहाणपणाचे नाही.

आणि पात्रतेची वाक्ये लिहिल्याने पैशाचा ओघ वळतोच असे नाही. यूएसएडने २०१० मध्ये ठरवले की २०१५ पर्यंत ३० टक्के निधी स्थानिक यंत्रणांमार्फत द्यायचा. ते साधले नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये नवे लक्ष्य जाहीर झाले : चार वर्षांत २५ टक्के. संस्थेने स्वतःच जाहीर केलेल्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होते आणि २०२३ मध्ये ९.६ टक्के. कारण उघड होते. मोठ्या संस्थेला दिलेल्या एका अनुदानावर देखरेख ठेवायला जितके अधिकारी लागतात, त्याहून कितीतरी अधिक लहान लहान वीस अनुदानांवर लागतात, आणि अधिकाऱ्यांची संख्या त्या प्रमाणात वाढली नव्हती. २०२५ हे लक्ष्यपूर्तीचे वर्ष उजाडले तेव्हा बहुसंख्य प्रकल्प रद्द झाले, आणि १ जुलै रोजी उरलेली कामे परराष्ट्र खात्याकडे सोपवून ही संस्थाच थांबली.

प्रश्न : अर्जदार संस्थेने स्वतःचाही निधी उभा करावा, ही अट योग्य वाटते का? (एका विश्वस्त संस्थेचे खजिनदार)

उत्तर : बेताची असेल तर वाटते. नेदरलँड्सने २०११ ते २०१५ च्या अनुदान योजनेत उत्पन्नाचा २५ टक्के भाग परराष्ट्र मंत्रालयाबाहेरून यावा, अशी अट ठेवली होती; २०२४ मध्ये जाहीर झालेल्या धोरणात ती ५० टक्क्यांवर नेण्यात आली. सरकारवर पूर्णतः विसंबलेली संस्था सरकारला खडे बोल सुनावू शकत नाही, हे खरेच; पण बालकांच्या छायाचित्रांवर देणग्या सहज मिळतात आणि कैद्यांच्या कायदेशीर साहाय्यासाठी मिळत नाहीत, हेही तितकेच खरे. अट जितकी चढी, तितके लोकप्रिय विषय पुढे आणि नावडते विषय मागे.

प्रश्न : संस्थेचे विचार पाहून तिला अपात्र ठरवता येते का? (एक वाचक)

उत्तर : ठरवले गेलेले आहे. एड्सविरोधी निधीविषयीच्या अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने अट घातली की, अनुदान घेणाऱ्या संस्थेचे वेश्याव्यवसायाला स्पष्ट विरोध करणारे धोरण असले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना आणि एड्स, क्षयरोग व हिवतापाविरुद्धच्या कामाला पैसा पुरवणारा आंतरराष्ट्रीय निधी ‘ग्लोबल फंड’ यांना त्यातून वगळण्यात आले, म्हणजे बड्यांना सूट मिळाली. ब्राझीलने २००५ मध्ये सुमारे ४ कोटी डॉलरची मदत याच कारणावरून नाकारली. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना विश्वासात घेतल्याखेरीज एड्सला आळा घालता येत नाही आणि त्यांचा निषेध लिहून देऊन तो विश्वास मिळत नाही, अशी त्यामागची भूमिका होती.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सहा विरुद्ध दोन अशा बहुमताने ही अट अमेरिकी संस्थांच्या बाबतीत घटनाबाह्य ठरवली. सरकार आपल्या पैशाचा विनियोग कसा व्हावा हे सांगू शकते, पण संस्थेने कोणते मत बाळगावे हे सांगू शकत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. त्यावर त्याच संस्थांच्या परदेशातील संलग्न शाखांचे काय, हा प्रश्न उभा राहिला. २०२० मध्ये पाच विरुद्ध तीन अशा मतांनी न्यायालयाने उत्तर दिले की, परदेशात स्थापन झालेल्या स्वतंत्र संस्थांना अमेरिकी राज्यघटनेचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य लागू होत नाही. त्यामुळे एकच नाव, एकच बोधचिन्ह आणि एकच काम असलेल्या दोन संस्थांपैकी अमेरिकेत नोंदलेलीला या विषयावर मौन राखता येते, आणि परदेशात नोंदलेलीला मात्र अनुदान हवे असेल तर लिहून द्यावे लागते.