'क्वार्क' म्हणजे समाप्तिचिन्ह का?

प्रश्न असा आला आहे: लाटेक या दस्तऐवज छापण्याच्या संगणकप्रणालीतल्या मॅक्रोंवर (एका नावाखाली साठवलेल्या आज्ञांवर) मराठीत टिपण लिहायचं आहे, त्यात 'क्वार्क'साठी, म्हणजे ज्याची व्याख्या तो स्वतःच आहे अशा मॅक्रोसाठी, 'समाप्तिचिन्ह' वापरलं तर चालेल का?

माझ्या मते वापरू नये. समाप्तिचिन्ह हे कामाचं नाव झालं, तर क्वार्क हे घडणीचं. दोन्ही बऱ्याचदा एकत्र येतात, म्हणून घोटाळा होतो.

आधी काम बघू. डॉनल्ड कनूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत (लाटेक तिच्यावरच उभं आहे) मॅक्रो पुढ्यातली टोकनं (मजकुराचे सुटे तुकडे: एखादं अक्षर किंवा आज्ञेचं नाव) उचलत जातो. 'आंबा, काजू, फणस' ही यादी छापायची तर तो पहिला घटक छापतो आणि उरलेल्या यादीवर स्वतःलाच पुन्हा बोलावतो. यादी कुठे संपली हे त्याला आपोआप कळत नाही. फणस झाल्यावर तो पुढचा मजकूर गिळायला लागतो आणि 'रनअवे आर्ग्युमेंट?' असा संदेश येतो. म्हणून फणसाच्या मागे एक खास टोकन ठेवायचं आणि दर फेरीला 'इफएक्स' या दोन टोकनांचे अर्थ ताडणाऱ्या आज्ञेने विचारायचं, आलेला घटक तोच का?

पण खूण म्हणून ठेवायचं काय? 'रिलॅक्स' ही काहीच न करणारी आज्ञा ठेवली तर त्याच अर्थाची टोकनं खऱ्या यादीतही येऊ शकतात. व्याख्याच नसलेलं नाव ठेवलं तर आणखी पंचाईत: इफएक्सला व्याख्या नसलेली सगळी नावं सारखीच. यादीत एखाद्या आज्ञेचं नाव चुकीचं टाइप झालं की मॅक्रो तिथेच यादी संपली असं धरून चालतो.

क्वार्कची युक्ती इथे आहे. 'क्यू-स्टॉप' या मॅक्रोची व्याख्या 'क्यू-स्टॉप' हीच. उलगडला, म्हणजे नावाच्या जागी व्याख्या ठेवली, तरी हाती तोच. त्यामुळे मुद्दाम तशीच व्याख्या केल्याशिवाय दुसरं टोकन त्याच्या बरोबरीचं ठरत नाही. शिवाय आलेला घटक एखाद्या तात्पुरत्या मॅक्रोत साठवला आणि त्यात फक्त हा क्वार्क असला, तर त्या मॅक्रोची व्याख्याही क्यू-स्टॉपच झाली. म्हणजे इफएक्सची तीच साधी तुलना तिथेही लागू पडते. मला ही रचना फार देखणी वाटते.

याच घडणीमुळे एक धोकाही येतो. क्वार्क चुकून नुसताच उलगडायला मोकळा राहिला तर टेक त्याच्याभोवती कायमचं फिरत बसतं. स्मृती भरत नाही, त्यामुळे त्रुटीचा संदेशही येत नाही. बाहेरूनच थांबवावं लागतं.

आता मूळ मुद्दा. लाटेक-३ च्या आज्ञासंचात 'क्यू-नो-व्हॅल्यू' नावाचा क्वार्क आहे. गुणधर्मयादीत (किल्ली आणि तिचं मूल्य अशा जोड्यांच्या यादीत) शोधलेली किल्ली सापडली नाही की उत्तर म्हणून तो मिळतो. तिथे काहीच संपत नाही, तरी तो क्वार्कच. उलट 'एस-स्टॉप' हे स्कॅन-चिन्ह मजकुराची हद्द दाखवायलाच वापरतात, पण ते रिलॅक्सच्या बरोबरीचं असतं आणि नुसतं पडून राहिलं तरी फेरा सुरू होत नाही. ते क्वार्क नव्हे. 'समाप्तिचिन्ह' लिहिलंत तर पहिल्या उदाहरणात शब्द खोटा पडेल आणि दुसऱ्यात वाचक फसेल.

म्हणून घडणीसाठी 'क्वार्क' तसाच ठेवा, पुल्लिंगी. भौतिकशास्त्रातही एका मूलकणाला मरे गेल-मान यांनी १९६४ मध्ये दिलेलं हे नाव मराठी विज्ञानलेखनात जसंच्या तसं रुळलं आहे.

कामासाठी मात्र मी 'मोर्तब' सुचवेन. 'शिक्कामोर्तब' मधला शिक्का म्हणजे पत्राच्या माथ्यावरची मुद्रा आणि मोर्तब म्हणजे मजकुराच्या शेवटी उमटवायची छोटी मुद्रा. शिवाजी महाराजांच्या पत्रांत ती 'मर्यादेयं विराजते' अशी असे. मजकूर इथे संपला, त्याखाली कुणी भर घालू नये, एवढंच तिचं काम.

वाक्यात असं बसेल: 'यादीच्या शेवटी मोर्तब म्हणून क्वार्क ठेवला आहे.' आणि लाटेक-३ मधल्या पुनरावर्तनात (मॅक्रो स्वतःलाच पुन्हा बोलावतो त्यात) दोन खुणा लागोपाठ येतात तिथे: 'क्यू-रिकर्शन-टेल हे मोर्तब तपासायचं, ते दिसलं की क्यू-रिकर्शन-स्टॉपपर्यंतचं उरलंसुरलं सगळं गिळून बाहेर पडायचं.'